झोपू द्या त्याले

बाबुलाल मेहुणीच्या लग्नात झोपला, ही गोष्ट सानगडीत अजून सांगतात. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि हा मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजीवर. लग्नाच्या व्हिडिओत तो चार वेळा दिसतो. नवरी एकदा कमी दिसते.

त्याची बायको मंगलाबाई दोनदा येऊन संघपालला म्हणाली होती, "भाऊजी, हे उठून नाही राहिले. पाहा ना जरा."

संघपाल म्हणजे बाबुलालचा शाळेपासूनचा दोस्त. मोहाडीहून वरठीच्या कारखान्यात बारा वर्षं दोघं एकाच मोटरसायकलवर. त्यामुळे बाबुलालबद्दल त्याचा शब्द म्हणजे प्रमाणपत्र. पंगतीत सगळे ऐकताहेत हे पाहून तो म्हणाला, "घेतली असन थोडी. झोपू द्या त्याले, वहिनी. साळीचं लग्न रोज रोज होते काय?"

पंगत हसली. कोणीतरी बाबुलालच्या उशाशी मठ्ठ्याचा गिलास ठेवला, की उतरेल. मंगलाबाईही पदर तोंडाला लावून हसली. बाबुलालने दारू तीन वर्षांपूर्वी सोडली होती आणि हे संघपालला माहीत होतं. पण विनोद चांगला जमला होता.

संध्याकाळी वरातीची गाडी निघाली तरी मठ्ठा तसाच होता, तेव्हा बाबुलालला उचलून दवाखान्यात नेलं.

नागपूरच्या डॉक्टरने कागदावर डोकं काढलं. मेंदूच्या अगदी आत, मधोमध, सुपारीएवढे दोन गोळे असतात. काही लोकांत दोन्हींना मिळून एकच बारीक नळी रक्त पुरवते. ती बंद झाली की माणूस आधी नुसता झोपतो.

"दोन्हीले एकच नळी?" संघपाल म्हणाला. "म्हणजे आमच्या वॉर्डातल्या नळासारखंच."

डॉक्टर हसला नाही. जुनं बरंचसं शाबूत राहील, म्हणाला, पण नवं काही टिकणार नाही.

"दुपारीच आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही."

'हो' म्हणाला असता तर रडता आलं असतं, 'नाही' म्हणाला असता तर झोपता आलं असतं. संघपालला दोन्ही जमेना.

बाबुलाल घरी आला तो लग्नाच्या सकाळीच अडकून. रोज दाढी करून तयार. "चाल बे, सानगडीले जायचं हाये." पुढे वर्षभराने मेहुणी आपली तान्ही पोट्टी घेऊन भेटायला आली, तर पोट्टीला मांडीवर घेऊन हा तिच्याच आईला विचारतो, "अवो, तू अजून हळद नाही लावली?"

तो घरी आल्यावर महिनाभराने संघपालने धीर केला. खाटेवर शेजारी बसून सगळं सांगितलं. झोप, पंगत, मठ्ठा, डोक्यातली नळी. बाबुलाल ऐकत राहिला. मग ढसाढसा रडला. मग म्हणाला, "जाऊ दे बे. तुले काय माहीत होतं?"

संघपाल घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी बाबुलाल दाढी करून तयार. "चाल बे, सानगडीले."

आता माफी संघपालकडे होती, पण देणाऱ्याकडे तिची पोचच नव्हती. अशी माफी चालते की नाही, हे विचारायला कुठलं ऑफिस नाही. त्याने पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. दिवाळीपर्यंत त्याला सगळं पाठ झालं, कुठे थांबायचं तेही. माफी मात्र रोज वेगळी यायची. कधी थापड, कधी तंबाखूचा अर्धा खर्रा. एकदा तर बाबुलाल पोट धरून हसला, "मठ्ठा ठेवला? मायासाठी? अन् मी पेलो नाही?" आणि हसता हसता रडला. आपल्या डोक्याचं काय झालं हे त्याला रोज पहिल्यांदाच कळायचं.

एक दिवस मंगलाबाईने संघपालला अंगणातच गाठलं. "भाऊजी, तुमची गाडी वाजली की हे खाटेजवळचा खांब धरून बसतेत. काहून, विचारलं तर म्हणतेत, माहीत नाही."

संघपालला वाटलं, सायलेन्सर. तो सायकलने आला. बाबुलालने खांब धरला. मग संघपालने मिशी काढली.

"मिशी कायले काढली बे?" बाबुलाल म्हणाला, आणि खांब धरला.

डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाला, "गोष्ट विसरतात ते. भीतीचं वेगळं असतं, ती दुसऱ्या जागी राहते. तुम्ही रोज काही बोलता का त्यांच्याशी?"

"नाही. असंच. इकडचं तिकडचं," म्हणून संघपालने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो खाटेपासून लांब, उंबऱ्यावर बसला. मंगलाबाई सुपात तांदूळ घेऊन होती, पण सूप हलत नव्हतं. बाबुलाल एका हाताने खांब धरून त्याच्याकडे पाहत राहिला.

"तुले पाहून कसंतरीच होते बे. तू काही केलं काय मायासंगं?"

अख्खं पाठ केलेलं घशाशी आलं. संघपालने ते गिळलं.

"नाही बे."

"मंग मले झालं काय?"

"काही नाही. झोपला होता तू."

"मंग उठवाचं होतं ना."

उत्तराची वाट पाहून बाबुलाल आडवा झाला. हळूहळू खांबावरचा हात सैल झाला, डोळे मिटले. किती महिन्यांनी तो संघपालसमोर असा निवांत पडला होता.

तेवढ्यात सूप टाकून मंगलाबाई धावली. बहिणीच्या लग्नापासून ती त्याला दिवसा झोपूच देत नव्हती. डोळा लागला की खांदे धरून हलवायची.

"वहिनी," संघपाल म्हणाला. लग्नात सहज निघालेले पुढचे दोन शब्द आता त्याच्या तोंडून निघेनात.

"अहो, उठा! उठा ना!"

बाबुलाल दचकून उठला. समोर संघपाल दिसला. हात आपोआप खांबाकडे गेला.

"चाल बे," तो म्हणाला. "सानगडीले उशीर होऊन राहिला."