उमेदवाराची खुर्ची

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी खुर्ची आहे आणि बेलापूरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात, मुलाखतीच्या खोलीत राहते. टेबलापलीकडे गुबगुबीत, फिरत्या खुर्च्या आहेत. त्यांवर प्रश्न विचारणारे बसतात. उत्तर देणारं मूल माझ्यावर बसतं.

मला घडवलं शिवराम सुतारांनी. तेव्हा इथल्या उंच इमारतींचे नुसते पाये खणले जात होते. पहिल्या प्राचार्या जयमालाबाई माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणायच्या, "मी निवृत्त झाले तरी ही इथेच राहील." तसंच झालं. त्या निवृत्त झाल्या, फिरत्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मोडक्या पंख्यांच्या सोबतीत कितीतरी वर्षं गेली. एका मांजरीने माझ्यावर पिल्लं घातली, तेवढीच ऊब.

मग मला पुन्हा बाहेर काढलं, कारण मोठं गमतीचं होतं. मुलाखतीला आलेली मुलं घाबरली की फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरायची. एक मुलगा तर उत्तर देता देता भिंतीकडे तोंड करून बसला! मी काही फिरत नाही. म्हणून उमेदवारांसाठी मीच.

इथे मुलांच्या गुणांबरोबर त्यांनी सोसलेल्या अडचणींनाही वेगळे गुण देतात. विचार चांगला आहे. पण झालं काय, मुलं क्लासमधून आपली दुःखं पाठ करून येऊ लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, सगळं ठरलेलं. मी खरं सांगते, पाठ केलेलं दुःख नेहमीच खोटं नसतं. पण ऐकणाऱ्यांचे कान मात्र किटून जातात.

यंदा बोनकोड्याची मनस्वी आली. समोर निशांत सर आणि संघमित्रा मॅडम होत्या.

"पहिल्या वर्षी उत्तम गुण," निशांत सर म्हणाले, "आणि दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. काय झालं?"

"अभ्यास कमी पडला, सर."

"काही कारण?"

"नाही, सर."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. अशी टोपणं मी पुष्कळ पाहिली आहेत. जागा मोजक्या आणि दाराबाहेर मुलांची रांग. ही मुलगी आता हातची गेली, असं वाटलं.

मॅडमनी सहज विचारलं, "तुझ्या आयुष्यातली मोठी अडचण कोणती गं?"

"श्रावण, मॅडम."

"श्रावण?"

"आईचा मासळी बाजारात ओटा आहे. श्रावणात मासे कोण घेणार? मग आमी... आम्ही कंटोळी, अळूची पानं विकतो. आणि पापलेट गुमान घेऊन जाणाऱ्या बायका अळूच्या जुडीला अशी घासाघीस करतात, काय सांगू!"

मॅडम मोठ्याने हसल्या. "तुला बरं माहीत सगळं!"

"सेकंड इयरला मीच बसायचे ना ओट्यावर," ती बोलून गेली आणि गप्प झाली. माझे दोन्ही हात तिने घट्ट धरले.

मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या नुसत्या थांबल्या.

"बाबा होडीवरून पडले. कंबर मोडली," मनस्वी म्हणाली. "आई हॉस्पिटलात त्यांच्याजवळ. मग ओट्यावर मी. परीक्षा त्यातच आली. थर्ड इयरलाही अर्धा दिवस ओट्यावरच."

"अगं, मग हे कारण नाही का?" निशांत सर जरा चिडूनच म्हणाले. "बाकीचे न विचारता सांगतात!"

"आई म्हणते, घरचं दुखणं ओट्यावर मांडायचं नाही, सर. दयेनं माल घेणारं गिऱ्हाईक एकदाच येतं."

ती गेल्यावर खोलीत वाद झाला.

"ज्यांनी मार्क मिळवले, त्यांनीही घाम गाळलाय, मॅडम. त्यांना मी काय सांगू?"

"त्यांचं काही काढून घ्यायचं नाहीये, निशांत. हिचं तिसरं वर्ष बघ. राहिलेले दोन्ही विषय सोडवून, ओटा सांभाळून, पहिल्या वर्षापेक्षा जास्त गुण आहेत."

सर बराच वेळ कागद बघत राहिले. "दुसऱ्या वर्षाचं मी काही वाढवणार नाही."

"नकोच वाढवू. तिने मागितलंय कुठे?"

"पण तिसऱ्या वर्षाचे गुण मी नुसते गुण म्हणून धरणार नाही, अडचणींचे गुणही देणार," सर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत लागलं.

प्रवेशाच्या दिवशी ती आईला घेऊन याच खोलीत आली. मॅडमनी बसायला सांगितलं, तर आई मागे सरकली.

"नको गो बाय, बाजारानशी सरल आयलू. मासलीचा वास लागंल खुरशीला."

निशांत सर उठले आणि त्यांनी स्वतः मला पुढे सरकवलं. "लागू दे, ताई. तुमच्या मुलीने कमावलेली जागा आहे. बसा."

आधी ती अगदी कडेला टेकली. मग हळूच मागे सरकून तिने पाठ टेकली, आणि लेकीकडे बघून पदराने डोळे पुसले. दुखणं लपवायला इथे काही ओटा नव्हता.

मित्रांनो, हल्ली माझा एक पाय डुगडुगतो. तेवढा खिळा ठोकून घ्या, मला अजून बरीच मुलं बसवायची आहेत. आणि तुम्ही मोठे होऊन टेबलाच्या पलीकडे बसाल, तेव्हा गुण जरूर विचारा. पण समोरचं मूल बोलता बोलता गप्प झालं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. जरा थांबा.