मागच्या सीटवरची सवत

मित्रांनो, मी एका जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी आहे. ओळख खरं तर एवढ्यात संपायला हवी. पण मध्यंतरी लोक विचारायला लागले होते, "कुठली टाकी? पुढची की मागची?" तिथे माझं डोकं तापायचं. उन्हातही तापतं, ते वेगळं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचे दोन तुकडे समोरासमोर धरून जोडले, आत पाणी भरून गळते का ते पाहिलं आणि वर मरून रंग चढवला. मी गळले नाही. आयुष्यात तेवढी एकच परीक्षा दिली, पण पैकीच्या पैकी.

पुढे चष्म्यांचं दुकान असलेल्या एका चष्मेवाल्याने मला घेतलं. म्हणजे घेतली त्याने मोटरसायकल, पण माणूस तोंड बघूनच पसंती देतो आणि मोटरसायकलचं तोंड म्हणजे मी. (हेडलाइटचं मत वेगळं आहे. आम्ही बोलत नाही.) चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने तो मला रोज सकाळी पुसायचा. सुट्टी लागली की त्याची बायको मागे बसायची. ती इस्पितळात नर्स. चढ लागला की ती त्याच्या काखेखालून हात घालून मला थोपटायची आणि म्हणायची, "चल गं बाई, थोडंच राहिलंय." अशी आम्ही तिघं अकरा वर्षं भटकलो. माझ्यात पेट्रोल चौदा लिटर मावायचं, कौतुक त्याहून जास्त.

मग ती आली.

झालं असं, की चष्मेवाल्याचा थोरला भाऊ दीपगृहावर नोकरीला होता. तो निवृत्त होत होता. 'शेवटचा दिवा लावीन तेव्हा तुम्ही दोघं शेजारी हवीत,' असं त्याने पत्रात लिहिलं होतं. वाटेत साडेचारशे किलोमीटरचं ओसाड माळरान, पंप एकही नाही. माझी धाव साडेतीनशेची. हे मी कधी लपवलेलं नाही. तर चष्मेवाल्याने जादा टाकी आणली. दहा लिटरची, ॲल्युमिनियमची, तोंड दिसेल इतकी चकचकीत. मिस्त्रीने ती मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळली आणि तिची नळी माझ्या पोटात सोडली. मला कोणी विचारलं नाही.

नर्सबाई दारातून बघत होती.

"अहो, आणि मी कुठे बसायचं?"

"अगं, तू बसने ये ना. आरामात. खिडकी मिळेल."

"अकरा वर्षं तुमच्या मागे धूळ खाल्ली, आणि आता माझ्या जागी डबा?"

"डबा काय म्हणतेस! जादा टाकी आहे ती."

"सवत म्हणा. शोभेल."

मित्रांनो, मला हात असते तर मी तिला टाळी दिली असती.

मिस्त्री निघताना म्हणाला, "साहेब, जुनीच्या झाकणाचा रबरी वायसर फाटलाय, तेवढा बदला. झाकण हवाबंद असलं तरच ती नवीतलं पेट्रोल ओढून घेईल. मग आधी मागची संपेल, नंतर पुढची. झाकणातून हवा शिरली, तर मागचं मागेच राहील."

"हो हो," चष्मेवाला म्हणाला. तो तिला पुसत होता. माझ्या फडक्याने.

वायसर बदलला नाही. नर्सबाई पहाटेच्या बसने यायची होती, आम्ही त्याआधी निघालो. मागे सवत खळखळ खळखळ करत होती. काहींना भरलेलं असण्याचा फार गर्व असतो. मी ठरवलं, हिचा एक थेंब घ्यायचा नाही. वायसर फाटका होता, त्यामुळे घेताच आला नसता, हे खरं. पण मी आधी ठरवलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

साडेतीनशे किलोमीटर झाले आणि इंजिन बंद पडलं.

चष्मेवाल्याने मागची टाकी हलवून पाहिली. भरलेली. त्याने हिशेब मांडला, आधी मागची संपते. मागची भरलेली आहे. म्हणजे पुढची भरलेलीच असणार. तेव्हा दोष दुसरीकडे. त्याने प्लग काढला, पुसला, बसवला. कार्बोरेटर खोलला. दोन तास गेले. मला उघडून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. हा माणूस लोकांना नीट दिसावं म्हणून दुकान चालवतो.

तेवढ्यात बस आली आणि करकचून थांबली. नर्सबाई उतरली.

"काय झालं?"

"कळत नाही गं. पेट्रोल तर आहे. दिवा लागेपर्यंत पोचत नाही मी आता."

तिने सरळ माझं झाकण उघडलं आणि आत डोकावली. "अहो, ही कोरडीठाक पडलीय! बिचारी."

बिचारी! साडेतीनशे किलोमीटरनंतर मला कोणीतरी काहीतरी म्हणालं.

दोघांनी पट्ट्या सोडल्या आणि नवीतलं सगळं पेट्रोल माझ्यात ओतलं. गोड लागलं, हे मी तिच्यासमोर कबूल करणार नाही.

"ताई, येताय का?" कंडक्टर ओरडला.

"मी नाही येत. माझ्या तिकिटावर ही येईल. रिकामी आहे, टपावर बांधा."

"हिला उतरायचं कुठे?"

"शेवटच्या थांब्याला, दीपगृहापाशी. झोपली तर उठवा."

नर्सबाई आपल्या जागी बसली. आम्ही पोचलो तेव्हा थोरला भाऊ काडी हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी वाट बघत होता. दिवा विजेचा होता. काडी कशाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिघं वर गेली आणि माळरानापर्यंत उजेड पडला.

परतीला पुन्हा तोच पेच. सीट एक, टाकी की बायको?

"लांबच्या रस्त्याने जाऊ," चष्मेवाला म्हणाला. "दोन दिवस जास्त लागतील, पण पंप आहेत."

"आणि दुकान?"

"राहील बंद. तू बस."

जादा टाकी भावाकडेच राहिली. दिव्याची भिंगं पुसायची त्याची सवय सुटत नाही, म्हणून तो तिला दिवसातून दोनदा पुसतो असं कळलं. दोनदा! पण मी पेट्रोलची टाकी आहे, मला जळणं परवडत नाही.

तर मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त जुनीचं झाकण अधूनमधून स्वतःच्या हाताने उघडून आत बघत जा. इतकी वर्षं भरलेली होती, म्हणजे आजही भरलेलीच असणार, असं धरून चालू नका.