नारळाने आखलेली हद्द

माळावर अख्खं गाव लोटलं होतं. गोरक्षनाथ महाराज तळहातावर आडवा नारळ ठेवून डुलत चालले होते. माधुरीच्या घराच्या मागच्या भिंतीशी येताच नारळ ताडकन उभा राहिला! बायाबापड्यांनी हात जोडले.

"आईनं हद्द दावली!" महाराज गरजले. "सोलरचं कुंपन हितंच! एक पाऊल मागं सराल, तर गाव उजाड हुईल!"

सरपंच भाऊसाहेबांचा चेहरा खुलला. माळावर येणाऱ्या सौरऊर्जा प्रकल्पाचं कुंपण घरांपासून किती लांब असावं, याचा ठराव आज इथंच भरणाऱ्या ग्रामसभेत व्हायचा होता. आणि या गावात बोअरची जागासुद्धा नारळच दाखवायचा. बोअर कोरडा गेला तर मालकाचं नशीब फुटकं. नारळ मात्र कायम खरा.

माधुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागचं दार उघडलं की कुंपण, दिवसभर पॅनलची तिरीप डोळ्यांत आणि पावसाळ्यात माळाचं पाणी थेट चुलीपर्यंत! शाळेत विज्ञान शिकवणारी ही बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सासूबाई कडूबाई तिचा हात ओढत होत्या, "नगं गं, देवाचं काम हाय."

"आईला सगळं दिसतं ना, महाराज?" ती पुढे झाली. "मग तुमचे डोळे बांधू. नारळ परत इथंच उभा राहिला, तर हे घर मी स्वतः पाडते."

"कोप हुईल!"

पण भक्तांनाच चेव आला. "बांधा की, महाराज! आईला काय अवघड हाय?"

उपरणं बांधून महाराजांना गरगर फिरवलं. चाचपडत ते निघाले, आणि नारळ उभा राहिला तो माळाच्याच कडेला असलेल्या भाऊसाहेबांच्या नव्या बंगल्याच्या स्वयंपाकघरापुढं.

"आईची आज्ञा!" कडूबाईच ओरडल्या. "घाला कुंपन हितं!"

"येड लागलंय का?" सरपंच कडाडले. "पोरंबाळं राहत्यात हितं!"

"आणि आमच्या घरात काय दगडं राहतात?" माधुरीने विचारलं.

माधुरीने नारळ आपल्या तळहातावर आडवा ठेवला, हात किंचित कलवला. नारळ उभा! मग कडूबाईंच्या हातावर ठेवून तसाच कलवायला लावला. तिथंही उभा.

"अगं बया, माझ्या बी अंगात आली का काय?" कडूबाई म्हणाल्या, आणि माळ हसण्याने दणाणला. महाराजांनी तेवढ्यात मोटारसायकल गाठली.

"सोलर आम्हालाही हवंय," माधुरी ठणकावून म्हणाली. "पण अंतर ठरेल ते पाण्याचा उतार आणि उन्हाची तिरीप बघून, राहणाऱ्यांना विचारून. तुमच्या स्वयंपाकघरापासून जेवढं लांब, तेवढंच माझ्या घरापासून. सरपंच, लिहा ठराव!"

सगळ्या वस्तीने हात वर केले. सरपंचांना लिहावंच लागलं.

तेव्हा मंडळी, देवाच्या नावाने कुणी तुमच्या दारात रेघ मारली, तर पाया पडायची घाई करू नका. आधी विचारा, ती त्याच्या दारात का नाही?