बोलका मेला म्हणे

बसा हो, पंख्याखाली बसा. एक किस्सा सांगतो. ऐकून चहा कडू लागला तर मला बोल लावू नका.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शाळा चौथीत सुटली. प्रोग्रामिंग शिकलो ते लिफ्टच्या कंट्रोलच्या पेटीत मान घालून, वरच्यांच्या शिव्या खात. आता दर शनिवारी वाचनालयाच्या माडीवर आम्ही पाचजण बसतो. नवख्यांनी कोड लिहायला, तपासायला कुठली फुकटची अवजारं घ्यावीत, त्याची यादी सांभाळतो. नाव कुणीही सुचवावं, आम्ही पारखावं. पाचांनी हो म्हटलं तरच नवं आत. आणि शेजारचं प्रशिक्षण केंद्र यादीत असेल तेवढंच आपल्या मशीनवर ठेवतं.

यादीत 'बोलका' होता. कोडमध्ये चूक झाली की कितवी ओळ, काय चुकलं, मोठ्यानं सांगायचा. माझी थोरली बहीण दवाखान्यात टेलिफोनवर बसते. तिला अजिबात दिसत नाही. तिथे आता फोन उचलायला यंत्र येतंय, म्हणून ताई केंद्रात प्रोग्रामिंग शिकायला लागली. दोन महिन्यांनी परीक्षा, आणि सगळी भिस्त बोलक्यावर.

त्या शनिवारी चष्मेवाले, म्हणजे यादीचे कारभारी, म्हणाले, "बोलका मेला. तीन वर्षांत त्यात एक ओळ बदललेली नाही. नियमानं काढावा लागेल."

"अहो, बिघडतच नाही तर बदलायचं काय? हातोडीला दर सोमवारी नवा दांडा बसवता का?"

"नियम म्हणजे नियम, काका. त्याच्या जागी 'झगमग' घेऊ. बेचाळीस जणांची शिफारस आलीय."

झगमग मी घरी लावून पाहिलं होतं. उघडल्या उघडल्या फोन नंबर मागितला, दिवसात सात जाहिराती तोंडावर मारल्या, आणि मी लिहिलेलं सगळं न विचारता मालकाकडे धाडलं. चूक वाचून दाखवायचं तर नावच नको.

म्हटलं, बघू तरी कोण हे बेचाळीस शहाणे. शिफारशी वाचायला बसलो. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं उभं वैर, पण बेचाळीसच्या बेचाळीस 'उपयूक्त' लिहितात? सगळ्यांचा यू लांब? मान वळवली तर मागच्या फळ्यावर चष्मेवाल्यांच्या अक्षरात ठळक: 'उपयूक्त साधने'.

शिसारी आली हो. ग्लासात माशी दिसावी, आणि अर्धं पाणी पोटात गेलेलं असावं, तसं झालं.

"झगमग बनवलं कुणी?" मी विचारलं.

"यांच्या मेहुण्यानं," आमच्या पाचांतल्या बँकेतल्या बाई कपात बघत म्हणाल्या. म्हणजे बाईंना ठाऊक होतं. बाकीच्या दोघांनाही होतं! चष्मेवाल्यांपेक्षा त्या खाली घातलेल्या मानांची मला जास्त किळस आली.

जिन्यात चष्मेवाल्यांनी माझा दंड धरला. हात ओलसर. "काका, ताणू नका. तुम्ही झगमगला हो म्हणा, बोलक्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, मी त्यात कुठेतरी एक टिंब टाकतो. बदल झाला, म्हणजे जिवंत झाला. ताईंचं काम होईल."

मी दंड सोडवून जिना उतरलो. खोटं कशाला सांगू, जीभ हो म्हणायला निघालीच होती. घरी आल्यावर साबणानं दंड धुतला आणि ताईला सगळं सांगितलं.

ती हसायलाच लागली. "टाकू दे की टिंब! मला कुठे दिसणार आहे?" मग म्हणाली, "पण तू हो म्हणू नकोस रे. माझ्या बाकावर उद्या दुसरी कुणी बसेल, तिच्या गळ्यात ते झगमग?"

पुढच्या शनिवारी मी नाही म्हणालो. सगळ्यांसमोर, फळ्याकडे बोट दाखवून. झगमग दाराबाहेर राहिलं. पण चष्मेवाले चिडले आणि बोलक्यावर नियम लावला. दीड महिन्याची मुदत दिलीय. नियमात एवढीच सवलत, महिनाभर वापरलेल्या तिघांनी आपल्या शब्दांत मत लिहिलं तरच तो राहील. एक मी लिहिलं, एक ताईनं. केंद्रातल्या पोरांना विचारलं, तर म्हणतात, "आम्हाला दिसतं, आम्ही कशाला वापरू?"

तुमच्या घरी तो जुना लॅपटॉप नुसता पडून आहे ना? त्यावर बोलका लावून देतो. महिनाभर वापरा आणि मग लिहा. वाईट वाटला तर वाईट लिहा, मी रागावणार नाही. पण वापरून लिहा. एवढं कराल?