बाभळीच्या सालीची फेरतपासणी

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत चिंतामणराव अभ्यंकरांना पगार मिळायचा तो इतरांच्या आनंदावर विरजण घालण्याचा. सत्त्याण्णवमध्ये कंपनीनं एक यंत्र आणलं होतं. ते प्लास्टिकच्या प्लेटांतल्या चिमुकल्या खळग्यांत मधुमेहाशी संबंधित एक एन्झाइम आणि निरनिराळे नमुने भरायचं. एन्झाइम चाललं की खळगा पिवळा. कोरा राहिला की नमुन्यानं एन्झाइम रोखलं, औषध सापडलं, असं समजून लगेच पेढे. मग चिंतामणराव तपासायचे आणि नमुना फसवा निघायचा. पेढे मात्र परत घेता येत नसत. त्यामुळे जेवायला त्यांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. पत्नी मंदाकिनी पुण्यात बँकेत होती. बदली मागायचं तिनं मनावर घेतलं नव्हतं, यांनीही फार लावून धरलं नव्हतं.

बसायचा फक्त नागेश. शेळगावचा, घरात पूर्वी मेंढरं, आता ऊस. बीएस्सी होऊन नुकताच लागलेला.

त्याचे वडील तात्याबा मेंढरांच्या जखमेला बाभळीच्या सालीचा काढा लावायचे. नागेशनं त्याच सालीचा अर्क यंत्राला दिला, आणि खळगा कोरा राहिला.

"सर, पयला पेढा तुमाला. तात्या म्हणत्यात, बाटलीवर माझा फोटू छापा."

"पागोट्यासकट?"

"व्हय. बिनपागोट्याचं त्यांना गावात कुणी वळखत न्हाय."

चिंतामणराव हसले. त्या टेबलाला हे नवीन होतं.

दुपारी त्यांनी तो अर्क मधुमेहाशी काडीचा संबंध नसलेल्या दुसऱ्या एन्झाइमवर टाकला. तेही गप्प. सालीतलं तुरट द्रव्य समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. त्यानं कातडी कमावतात, तिथं एन्झाइमची काय कथा. सगळ्यांनाच अडवणारं औषध कशाचंच नसतं. अहवाल दोन ओळींत संपला असता.

"फेरतपासणी करतोय," ते नागेशला म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, तिसऱ्याही. तोवर नागेश शेजारी बसत होता, हुलग्याची उसळ पुढं सारत होता. "घ्या की सर, खानावळीच्या भाजीला काय चव हाय का?" इतक्या चिकाटीनं चिंतामणरावांनी उभ्या आयुष्यात काही तपासलं नव्हतं.

शेवटी अर्क संपत आला. तसं ते जेवताना बोलून गेले, आणि सोमवारी नागेश एसटीनं पोतं घेऊन हजर.

"तात्यांनी बांधावरची आख्खी बाभळ सोलली. मी म्हणलं, झाड वाळंल. म्हणले, वाळू दे, सायबाला कमी पडाया नको."

चिंतामणरावांचा घास हातातच राहिला.

"नागेश, तुझी साल फसवी आहे. ती सगळंच अडवते."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग इतकं दिस काय करत हुता, सर?"

उत्तर होतं. ते समोरच्या उसळीकडे बघत राहिले.

"तपासत होतो," म्हणाले.

नागेशनं पोतं खांद्यावर घेतलं आणि तो निघून गेला. डबा तिथंच राहिला. चिंतामणरावांनी तो घासून, पुसून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो न्यायला शिपाई गेणबा आला.