कोतवालाच्या दोरीची गाठ

"अरे कोतवाल, मेलेली बाई जिंदा कैसे लिखूं?"

"जित्तीच हाय जी, मुन्शीजी. मीच मरायच्या आधी सांगून गेलतो."

ठाण्याच्या पायरीवर केवळराम उकिडवा बसला होता. गावातल्या मयतांची खबर आठवड्याला सहा कोस चालत इथं आणायची, हे त्याचं काम. लिहिता येत नव्हतं, म्हणून मयतागणिक दोरीला एक गाठ. पण १९१८ च्या तापात माणसं इतकी भराभर गेली, की डोळे फिरलेल्यांच्या गाठी तो आधीच मारू लागला. एकही गाठ खोटी ठरली नाही. पोटच्या मुलाचीसुद्धा नाही.

मग सुनेची मारली आणि ठाण्यात नाव देऊन आला.

नाव : शामकला.
वय : एकोणीस.
कारण : ताप.

तो घरी परतला तेव्हा शामकला उठून बसली होती.

"मामाजी, पेज द्या."

तीन गाडगी पेज प्याली, ओठ कोरडेच. बोडीच्या तळ्याकाठी ओल्या चिखलात चालली, पाऊल उमटलं नाही. तान्ह्याला छातीशी धरलं की ते ताठ होऊन किंचाळे. भुईवर ठेवलं की गप्प. चार दिवसांत पोर वाळून काटकी झालं.

केवळरामनं गाठ सोडली. सकाळी गाठ पुन्हा बसलेली.

"मले काऊन धाडलं, मामाजी?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. "नाव तिकडं जाऊन बसलं. मीच मागं राहिली. पोरगं मरून राहिलं न जी."

म्हणून तो आज इथं.

"आकडा भंडाऱ्याले गेला," मुन्शी दुलीचंद म्हणाला. "मुर्दा कम नहीं होता, बाबा. बदल्यात दुसरा दे, खोडून देतो." आणि स्वतःच्या विनोदावर पोट हलवून हसला.

केवळराम हसला नाही. त्याची बोटं दोरीवर नवी गाठ वळू लागली. जमुनाबाई. आंधळी, मागंपुढं कोणी नाही. काल त्यानंच तिला पेज नेऊन दिली होती. "केवळ्या, मीठ कायले नाई टाकलं रे?" म्हणून तिनं शिवीही हासडली होती.

अर्धी बसलेली गाठ त्यानं नखानं उकलली.

"लिवा जी. केवळराम. वय साठ लिवा."

मुन्शीचं हसू ओसरलं.

"कारण?"

"चालून चालून."

दुलीचंदनं त्याच्याकडं पाहिलं, मग वहीकडं. टाक बुडवला.

शेरा : शामकला खोडली, जागी केवळराम. आकडा तोच.

केवळराम घरी पोचला तेव्हा ऊन अजून छपरावर होतं. दारातल्या कुत्र्यानं मान उचलली नाही. आत पोर चुटूचुटू दूध ओढत होतं. शामकलाचे ओठ ओले होते.

"पोरी," त्यानं हाक मारली.

तिनं दाराकडं पाहिलं. त्याच्यातून पलीकडं, वाटेवर.

"मामाजी अजून नाई आले न," ती पोराला म्हणाली, आणि सासऱ्याच्या वाटणीची पेज झाकून ठेवली. चिमूटभर मीठ टाकून.

त्यानं दोरी खुंटीला अडकवली. मग उंबऱ्याबाहेर, आपल्या नेहमीच्या जागी, काठी आडवी ठेवून बसला.