फाटकाजवळच्या लॅव्हेंडरची छाटणी

मित्रांनो, अमेरिकेत, ओरेगनमधल्या या फाटकाजवळ जो वाकडातिकडा जुना लॅव्हेंडर दिसतो, तो मीच. आता मी बुटका आहे. एके काळी उंच होतो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

लॉरेनबाईंनी मला आणलं तेव्हा मी चहाच्या कपाएवढ्या कुंडीत होतो. पाणी न साचणाऱ्या खडीच्या मातीत त्यांनी मला लावलं. उन्हाळ्यात मी फुलांनी जांभळा झालो. येणारा-जाणारा मला बोटांत चुरडायचा आणि वास घेऊन "वा!" म्हणायचा. चुरडलेल्याला कसं वाटतं, हे कोणी विचारलं नाही. पण कौतुक होतं, म्हणून मी चालवून घेतलं.

लॉरेनबाई मायाळू. दर मार्चमध्ये कात्री घेऊन यायच्या आणि "बिचारा!" म्हणून परत जायच्या. मीही खूश. वर वर वाढत राहिलो. खाली मात्र नुसतं लाकूड, पानं फक्त शेंड्याला. टक्कल झाकायला कडेचे केस ओढून घेणारे गृहस्थ असतात ना, तसा माझा थाट होता.

मग एका हिवाळ्यात ओला बर्फ पडला आणि मी मधोमध फाकलो.

"संपलं हे," लॉरेनबाईंचे यजमान व्हर्न म्हणाले. "उपटून टाकतो. खडी पसरू."

"तुझे गुडघेही कुरकुरतात. ते उपटायचे का?"

तेवढ्यात शेजारचे डेल कुंपणावरून डोकावले. हातात विजेची कात्री. मार्चमधलं पहिलं ऊन पडलं की या गल्लीतल्या पुरुषांच्या हातात काहीतरी घुरघुरायला लागतं.

"अगं लॉरेन, जमिनीसरसा उडव! माझं ते निळ्या फुलांचं कॅटमिंट दरवर्षी उडवतो, दुप्पट येतं."

"आणि तुझा लॅव्हेंडर? तोही गेल्या वर्षी उडवलास ना?"

"तो... झोपलाय अजून."

"वर्षभर?" व्हर्न म्हणाले. "डेल, त्याला उठवू नकोस. पुरून टाक."

कॅटमिंट मुळातून फुटतं, मित्रांनो. माझ्या उघड्या जुन्या लाकडातून सहसा काही फुटत नाही. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड नाही, फक्त वास आहे.

लॉरेनबाई गुडघे टेकून बसल्या. चष्मा सारखा करून, फांद्या बाजूला सारून लाकूड निरखू लागल्या.

"व्हर्न, हे बघ. डोळे आहेत इथे."

राखी सालीवर तांदळाच्या कणीएवढे हिरवे डोळे, फुटू पाहणारे कोंब! मलाही ते ठाऊक नव्हते. मी कायम वरच बघत होतो.

"मला जूनपर्यंत मुदत दे," त्या म्हणाल्या. "नाही फुटला, तर तुझी खडी."

डोळा दिसेल तिथे, त्याच्या जरा वर त्यांनी कात्री लावली. जिथे डोळा नव्हता, तिथे हिरव्या पानांच्या खाली गेल्या नाहीत. एक फांदी मात्र घाईत फारच खाली कापली गेली. "चुकलं रे," त्या पुटपुटल्या.

एप्रिल नुसताच गेला. व्हर्न रोज येऊन बघायचे, खडीच्या आशेने असेल. मे महिन्यात त्यांनीच हाक मारली, "अगं, ये लवकर! फुटलाय!" आवाजात हरल्याचं दुःख अजिबात नव्हतं.

घाईत कापलेली फांदी गेली. त्या बाजूने मी अजून उघडाच आहे.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण कात्री लपवून नको. थंडी सरली की दरवर्षी थोडं थोडं छाटा. आणि कात्री लावण्याआधी एकदा गुडघे टेकून आत बघा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही कुठे जिवंत आहोत, ते तुम्हालाच शोधावं लागतं.